फूल आधीच कंदात असतं

लागवडीसाठी आणलेल्या ट्यूलिपच्या कंदांपैकी एक मी दरवर्षी मुद्दाम कापतो. धारदार सुरीने शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरायचा. वरचं तपकिरी साल कागदासारखं सुटून येतं. आत पांढरे, रसाळ पापुद्रे एकावर एक, अगदी कांद्यासारखे. तळाशी एक टणक चकती असते, तिच्यातून पुढे मुळं फुटणार. आणि मधोमध, पापुद्र्यांनी कुशीत घेतल्यासारखा, फिकट पिवळसर कोंब. हा कोंब सुईच्या टोकाने हळूच उलगडावा आणि वर भिंग धरावं. आत चक्क फूल असतं! सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधे तीन धारांचा स्त्रीकेसर. सगळं मिळून काही मिलिमीटरचं. रंग अजून चढलेला नसतो, पण मोजायला घेतलं तर एकही भाग कमी भरत नाही.

एक कंद वाया जातो, हे खरं. पण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की वसंतात फुलणाऱ्या कंदांबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. या वर्षीचं फूल तुम्ही वाढवत नसता. ते आधीच तयार झालेलं असतं, गेल्या वसंतातल्या पानांनी साठवलेल्या शिदोरीवर. तुमच्या हातात दोन गोष्टी उरतात: कंदाला त्याचा हिवाळा नीट मिळू देणं, आणि फूल गळून गेल्यावर पुढच्या वर्षीच्या फुलाची सोय करणं. पहिली गोष्ट बहुतेक जण करतात. दुसरीकडे दुर्लक्ष होतं आणि मग ‘पहिल्या वर्षी छान फुललं, नंतर नुसती पानं’ ही तक्रार सुरू होते.

कंद म्हणजे नेमकं काय

बोलताना आपण सगळ्यांनाच कंद म्हणतो आणि बागेत त्याने फारसं बिघडत नाही. तरी आतून ही मंडळी वेगवेगळी आहेत. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, मस्कारी, स्नोड्रॉप, ॲलियम हे खरे कांदे. त्यांचे पापुद्रे म्हणजे अन्न साठवून जाड झालेली पानंच. क्रोकस तसा नाही. तो कापला तर थर दिसत नाहीत, आत सगळा भरीव गर लागतो, कारण तो फुगलेल्या खोडाचा गड्डा आहे. दरवर्षी जुना गड्डा सुकून जातो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. ॲनेमोनीचे वेडेवाकडे, काळपट तुकडे तर हातात घेतल्यावर वाळलेली ढेकळंच वाटतात. त्यात वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. ते रात्रभर पाण्यात भिजवून आडवे लावावेत; कोंब आपली वाट शोधतो.

या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे त्यांचं माहेर. ट्यूलिपच्या रानटी जाती मध्य आशियातल्या तिएन शान आणि पामीरच्या डोंगरउतारांवरच्या. हायसिंथ पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूचा. डॅफोडिलच्या सर्वाधिक जाती स्पेन-पोर्तुगालमध्ये सापडतात. मध्य आशियातल्या त्या उतारांवर हिवाळा कडक, उन्हाळा रखरखीत कोरडा आणि या दोहोंच्या मधे ओलाव्याचे मोजके आठवडे. एवढ्याशा फटीत पानं काढायची, फुलायचं, बी धरायचं, अन्न साठवायचं आणि ऊन तापायच्या आत जमिनीखाली गुडूप व्हायचं. वर्षातले बरेच महिने भूमिगत राहणाऱ्या झाडाला साठवणीचं कोठार लागणारच. कंद हे ते कोठार.

काही मंडळींची फट वेगळी असते. स्नोड्रॉप पानगळीच्या जंगलात वाढतो. तिथे अडचण उन्हाळ्याची नाही, सावलीची. झाडांना पालवी फुटली की खाली ऊन पोहोचत नाही. म्हणून हा पालवी येण्याआधीच आपलं वर्ष उरकून घेतो. बागेत पानझडी झाडाखालची जागा ‘तिथे काही येत नाही’ म्हणून सोडलेली असेल, तर स्नोड्रॉप, सिला, लहान क्रोकस यांना ती फार मानवते.

पुढचे सगळे नियम या माहेरातूनच आले आहेत, तेव्हा ते पाठ करायची गरज नाही.

थंडी कशासाठी हवी

फूल आधीच तयार आहे, तर मग हिवाळा कशाला? इथे थोडा गोंधळ होतो. गव्हासारख्या काही पिकांत थंडी लागल्याशिवाय रोप फुलायचा निर्णयच घेत नाही. ट्यूलिपमध्ये तसं नसतं. फूल उन्हाळ्यातच, उबेत, कंदाच्या आत घडतं. व्यावसायिक उत्पादक साठवणीतले कंद कापून भिंगाखाली हे तपासतात आणि स्त्रीकेसरापर्यंत सगळे भाग बनलेले दिसले की मगच कंद थंड खोलीत हलवतात. थंडीचं काम पुढचं. कंदातलं पिष्ट मोडून त्याची साखर होणं, आणि देठाच्या पेशींना ‘आता लांब व्हा’ हा संदेश पोहोचवणारी संप्रेरकं तयार होणं, हे गारव्यातच होतं.

यासाठी मोठ्या फुलांच्या ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे लागतात, आणि तापमान सुमारे २ ते ९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. हे पुरेसं मिळालं नाही तर ट्यूलिप उगवतो, पानंही काढतो, पण देठ वाढत नाही. फूल पानांच्या बेचक्यातच अडकतं, कधी जमिनीला टेकल्यासारखं उमलतं, कधी कळीतच वाळतं. खत कमी पडलं म्हणून असं होत नाही; हिवाळा कमी पडलेला असतो.

याच काळात मातीखाली दुसरं काम चालू असतं. शरद ऋतूत लावलेला कंद वरून झोपलेला दिसतो, पण खालून मुळं सोडत असतो. वसंतात कोंब झपाट्याने वर यायचा तर मुळं आधीच जागेवर हवीत. म्हणून लागवड शरदात. वसंतात दुसऱ्याच्या बागेतला बहर पाहून कंद आणायला धावणाऱ्याला उशीर झालेला असतो, तो पुरा सहा महिन्यांचा.

उत्तर गोलार्धात ही वेळ सप्टेंबर ते नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. यातही क्रम आहे. डॅफोडिल लवकर मुळं धरतो, म्हणून तो आधी, शक्यतो सप्टेंबरमध्येच. क्रोकस, मस्कारी, सिला त्याच्या मागोमाग. ट्यूलिप सगळ्यात शेवटी, नोव्हेंबर लागल्यावर. जमीन गोठली नसेल तर डिसेंबरातही चालतो. ट्यूलिपला मागे ठेवण्याचं कारण एक बुरशी आहे. तिने धरलेली पानं पोळल्यासारखी, करपलेली, पिळवटलेली निघतात आणि पाकळ्यांवर ठिपके पडतात. माती उबदार आणि ओली असताना तिचं फावतं. गारठा पडल्यावर लावलेल्या कंदाचा धोका कमी होतो. असं झाड दिसलं तर कंदासकट उपटून टाका (कंपोस्टमध्ये मात्र नाही) आणि त्या वाफ्यात निदान तीन वर्षं ट्यूलिप लावू नका. बुरशीच्या गाठी मातीत टिकून राहतात.

कंद निवडताना

हातात घेऊन दाबून पाहा. टणक आणि आकाराच्या मानाने जड हवा. हलका लागला तर आतून वाळलाय. बुडाशी मऊ लागला तर सडतोय, आणि बुडाची ती चकती गेली की कंद गेला. साल सुटलेलं असलं तर घाबरायचं कारण नाही, आणि थोडी निळसर बुरशी नुसत्या सालावर असेल तर पुसून टाकली की झालं.

आकारात मात्र काटकसर करू नये. व्यापारात कंद वजनाने नव्हे, घेराने मोजतात. ट्यूलिपचा १२ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घेराचा कंद चांगला समजला जातो. कारण पुन्हा तेच: पोटात फूल मावेल एवढा साठा नसेल तर लहान कंद एकच रुंद पान काढतो आणि वर्षभर नुसतं खाऊन-पिऊन राहतो. स्वस्तातले शंभर बारके कंद घेण्यापेक्षा तीस भरदार घ्यावेत, असं माझं मत.

हायसिंथचे कंद हाताळून झाल्यावर हाताला खाज सुटते. त्याच्या सालात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेत घुसतात. डॅफोडिलच्या चिकातही असेच स्फटिक असतात, त्यामुळे ती फुलं तोडणाऱ्या कामगारांच्या हातांवर पुरळ उठणं ही नेहमीची गोष्ट. हातमोजे घाला, निदान डोळे चोळू नका.

जमिनीत लावताना

कंदाला थंडी मारत नाही, पाणी मारतं. हिवाळाभर साचलेल्या पाण्यात बसलेला कंद सडतो. त्यामुळे जागा निवडताना ऊन किती येतं हे दुसऱ्या नंबरला, निचरा पहिल्या. एक फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि पाहा. तासाभरात उतरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही डबकं दिसलं तर एक तर उंच वाफा करा किंवा कुंडीकडे वळा. चिकण मातीत जाडसर वाळू आणि कुजलेलं पालापाचोळ्याचं खत सगळ्या वाफ्यात मिसळावं. फक्त खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकून भागत नाही. उलट आजूबाजूच्या चिकण मातीतलं पाणी त्याच खड्ड्यात उतरतं. नियमाला अपवादही आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेला लहान फ्रिटिलेरिया मुळात ओल्या कुरणातला, त्याला ओलावाच आवडतो.

खोलीचा साधा हिशेब: खड्डा कंदाच्या उंचीच्या तिप्पट. पाच सेंटीमीटर उंचीच्या ट्यूलिपसाठी १५ सेंटीमीटर, म्हणजे डोक्यावर १० सेंटीमीटर माती. क्रोकसला ८ ते १० पुरे. हलक्या, रेताड मातीत थोडं जास्त खोल, जड मातीत थोडं कमी. ट्यूलिप पुन्हा पुन्हा यावा अशी इच्छा असेल तर २० सेंटीमीटरपर्यंत जा. उथळ लावलेला कंद उन्हाळ्यात तापतो आणि त्याची छोट्या छोट्या पिल्लांत लवकर फाटाफूट होते. दोन कंदांमध्ये त्यांच्या रुंदीच्या दुप्पट जागा ठेवली की झालं. एकमेकांना चिकटू देऊ नका, एकाची सड दुसऱ्याला लागते.

खोली थोडी चुकली तरी कंद ती स्वतः दुरुस्त करतो. अनेक कांद्यांना आणि गड्ड्यांना एका वेगळ्या प्रकारची जाड मुळं फुटतात. ती आधी मातीत घट्ट पकड घेतात आणि मग आखडतात. त्यांच्यावर चुण्या पडलेल्या स्पष्ट दिसतात, आणि दरवर्षी थोडं थोडं करत कंद खाली ओढला जातो. ट्यूलिपची रीत आणखी वेगळी: लहान रोपटं खाली एक नळीसारखा फुटवा सोडतं आणि नवा कंद थेट त्याच्या टोकाशी, जास्त खोलवर तयार करतं. जुन्या वाफ्यात खणताना कंद कुठल्या कुठे खोल गेलेले सापडतात ते यामुळे.

टोक वर, बुड खाली. उलटा लागला तर? कोंबाला गुरुत्वाकर्षण कळतं, तो वळसा घेऊन वर येतो. शिदोरीतला काही भाग त्या वळशातच खर्च होतो एवढंच.

फुलझाडांची रांग लावतो तशी कंदांची रांग लावू नये, हे अगदी माझं वैयक्तिक मत. शिपाई उभे केल्यासारखे दिसतात. सात, अकरा, पंधरा असे पुंजके करा. हिरवळीत क्रोकस किंवा डॅफोडिल लावायचे असतील तर मूठभर कंद हवेत उडवावेत आणि पडतील तिथेच लावावेत. उडवल्यावर ‘हा जरा इकडे सरकवू’ असा मोह होतो. तो आवरावा.

लावताना खताची गरज नाही. या वर्षाचं जेवण कंद बरोबर घेऊन आलाय. ताजं शेणखत तर मुळीच नको, त्याने बुड सडतं. एकदा भरपूर पाणी द्या म्हणजे माती कंदाला चिकटेल आणि मुळं जागी होतील. पुढचं काम पाऊस आणि थंडी बघून घेतील.

उंदीर आणि खारी हा वेगळा विषय. ट्यूलिप आणि क्रोकस त्यांना मेजवानीच. लावून झाल्यावर गळून पडलेली सालं वेचून टाका, वासावरून त्यांना पत्ता लागतो. वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी अंथरून मातीने झाका. कोंब तिच्या भोकांतून वर येतात. डॅफोडिलच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. त्यात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. माणसालाही त्याने जोराच्या उलट्या होतात, आणि डॅफोडिलचा कंद दिसायला इतका कांद्यासारखा असतो की घरात ठेवताना पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहावंच. याच कुळातल्या स्नोड्रॉपमध्ये सापडणाऱ्या गॅलँटामिन या द्रव्यापासून १९५० च्या दशकात बल्गेरियात औषध तयार झालं आणि आज ते अल्झायमरच्या रुग्णांना दिलं जातं.

कुंडीत लावायचं तर कंदांचे थर लावता येतात. तळाशी ट्यूलिप, त्यावर माती, मग डॅफोडिल, वर पुन्हा माती आणि शेवटी क्रोकस. खालचे कोंब वरच्या कंदांना बगल देऊन वर येतात, आणि एकाच कुंडीत दोन महिने काही ना काही फुलत राहतं. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते आणि त्याचं पहिलं मोठं पान त्या बाजूला येतं. कडेचे कंद चपटी बाजू बाहेर करून लावले की पानं कुंडीबाहेर झुकतात आणि मधे फुलांना जागा मोकळी राहते. कडाक्याच्या थंडीत कुंडीतली माती चारही बाजूंनी गोठते, जमिनीतली तशी गोठत नाही. त्या दिवसांत कुंडी भिंतीच्या आडोशाला न्या.

जिथे हिवाळा सौम्य असतो

जिथे जमीन १२ आठवडे गार राहतच नाही, तिथे हिवाळा फ्रीजमध्ये तयार करावा लागतो. कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत, ४ ते ७ अंशांवर, १२ ते १४ आठवडे. फ्रीझरमध्ये नाही, गोठला की कंद संपला. मधूनमधून पाहून एखादा मऊ पडलेला दिसला तर काढून टाका.

आणि त्या फ्रीजमध्ये पिकणारी फळं ठेवू नका. माझे एका वर्षीचे सगळे ट्यूलिप यात गेले. पिशवी खालच्या कप्प्यात, शेजारी सफरचंदं. कंद वेळेवर लावले, कोंब आले, पानं हिरवीगार, कळ्याही दिसल्या. पण त्या फुगेनात. शेवटी एक कळी उघडली तर आत कागदासारखं, तपकिरी पडलेलं, चुरगळलेलं फूल. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. फळाला तो पिकवतो, पण कंदाच्या पोटातल्या इवल्याशा फुलाला मारून टाकतो. बाहेरून कंद अगदी धडधाकट दिसतो, म्हणून काही कळायला मार्ग नसतो.

फ्रीजमधून काढल्यावर कंद लगेच लावायचे, वर्षातल्या सगळ्यात गार दिवसांत आणि गार जागी. चार दिवस टेबलावर उबेत पडू दिले तर मिळवलेला गारवा कमी होतो. असे कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलतील अशी आशा ठेवू नये, ते एका हंगामाचे पाहुणे. एवढी यातायात नको असेल तर गुच्छात पांढरी सुवासिक फुलं देणारा पेपरव्हाइट हा डॅफोडिलचा भाऊ लावा. त्याला थंडीची गरजच नाही. हायसिंथ तर गार करून घेतल्यावर नुसत्या पाण्यावरही फुलतो, अरुंद गळ्याच्या काचेच्या भांड्यात. पाणी बुडाच्या किंचित खाली ठेवायचं, बुड बुडवायचं नाही.

फूल गेल्यावर खरं काम

पाकळ्या गळल्या की बहुतेकांचा रस उडतो. पिवळी पडत चाललेली, लोळणारी पानं नको वाटतात आणि कात्री हातात येते. नेमकं इथेच पुढच्या वर्षीचं फूल कापलं जातं. फूल संपल्यावर पानं उन्हात अन्न बनवून खाली कंदात पाठवत असतात. रिकामं झालेलं कोठार भरायला त्यांना हे मोजकेच आठवडे मिळतात. डॅफोडिलची पानं फूल गेल्यावर निदान सहा आठवडे कापू नयेत. हिरवळीत लावले असतील तर तेवढे दिवस तिथे गवतही कापायचं नाही. ट्यूलिपची पानं पूर्ण पिवळी होऊन ओढल्यावर अलगद सुटेपर्यंत.

पानांच्या वेण्या घालून किंवा रबर लावून गड्डी बांधायची एक पद्धत आहे. बाग नीटनेटकी दिसते, म्हणून मीही वर्षानुवर्षं बांधली. पण वाकवलेल्या, एकमेकांखाली दाबलेल्या पानाला ऊन मिळत नाही, म्हणजे अर्धं कापल्यासारखंच. त्यापेक्षा कंदांच्या मधे उशिरा वाढणारी, पसरट पानांची बारमाही झाडं लावा. ती वर येतात आणि हा पसारा झाकून टाकतात.

फुलाचं डोकं मात्र खुडा. बी धरायला झाड भरपूर अन्न खर्च करतं, आणि बियांपासून ट्यूलिप फुलायला पाच-सात वर्षं सहज लागतात. देठ राहू द्या, तोही हिरवा आहे. क्रोकस, सिला, स्नोड्रॉप यांना अपवाद करा, त्यांचं बी पडून आपोआप गालिचा तयार होतो. खत द्यायचं तर याच वेळी, पानं हिरवी असताना, पोटॅश जास्त असलेलं पातळ खत. नत्राने नुसती पानं माजतात.

फुलदाणीसाठी कापतानाही फरक आहे. डॅफोडिलचा देठ नागडा असतो, तो कापला तरी सगळी पानं जमिनीत राहतात. ट्यूलिपची पानं देठावरच असतात. लांब देठ हवा म्हणून खालपासून कापला तर बरोबर सगळी पानंही आली, आणि तो कंद संपला असं समजा.

आता ती नेहमीची तक्रार: डॅफोडिल दरवर्षी येतो, ट्यूलिप का नाही? दोघांची घरं चालवायची रीत वेगळी. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं तोच राहतो. मधून नवे पापुद्रे येतात, बाहेरचे सुकून त्यांचं साल होतं. ट्यूलिपचा कंद दर वसंतात स्वतःला पूर्ण खर्च करून टाकतो. त्याच्या पापुद्र्यांच्या बगलेतले डोळे वाढून नवे कंद होतात आणि जुन्याचं नुसतं साल उरतं. पुढच्या वर्षी उगवतो तो त्याचा वारस. पानांना पुरेसे दिवस आणि मातीला कोरडा, गरम उन्हाळा मिळाला तर वारसांत एखादा फुलण्याइतका मोठा होतो. नाही तर पाच-सहा बारकी पिल्लं आणि प्रत्येकाचं एकेक पान. त्यात उन्हाळी फुलांसाठी त्याच वाफ्याला रोज पाणी दिलं की ती पिल्लंही सडतात. म्हणून पानं पिवळी झाल्यावर ट्यूलिप काढून, सावलीत वाळवून, जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी ठेवणं चांगलं. त्या पिशवीत, उन्हाळ्याच्या उबेतच पुढचं फूल आकार घेणार असतं. हे सगळं नको असेल तर डार्विन हायब्रिड गटातले किंवा तार्दा, क्लुसियाना यांसारखे ठेंगणे रानटी ट्यूलिप लावा. ते बरीच वर्षं जागेवर टिकतात.

क्लुसियाना हे नाव कारोलुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. त्याने लायडनच्या वनस्पती उद्यानात लावलेले ट्यूलिप १५९४ मध्ये फुलले आणि नेदरलँड्सला या फुलाचं वेड लागलं. १६३७ च्या फेब्रुवारीत भाव कोसळेपर्यंत सगळ्यात जास्त बोली लागत होती ती ज्वाळांसारखे पट्टे उमटलेल्या फुलांवर. हे पट्टे मावा किडीने पसरणाऱ्या विषाणूमुळे येतात, हे इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे लोक दौलत उधळत होते ती आजारी झाडांवर. आज मिळणारे पट्ट्यापट्ट्यांचे ट्यूलिप बहुतेक करून जातीनेच तसे आहेत, त्यांची काळजी नको. पण तुमचा एकरंगी लाल ट्यूलिप एखाद्या वर्षी अचानक चट्ट्यापट्ट्यांचा निघाला तर कितीही सुंदर दिसो, कंदासकट काढून टाका. शेजारच्यांना लागण होते आणि कंद वर्षागणिक लहान होत जातो.

डॅफोडिलही कधी रुसतो: दाट पानं, फूल नाही. बहुधा गर्दी झालेली असते. एका कंदाचे दहा झालेले, सगळे एकाच मुठीएवढ्या जागेत. पानं पिवळी पडल्यावर पुंजका उपसा, जे हाताने सहज सुटतात तेवढेच वेगळे करा आणि अंतर ठेवून लावा. स्नोड्रॉपला मात्र पानं हिरवी असतानाच, फूल गेल्या गेल्या हलवावं. त्याचा इवलासा कंद कोरडा पडला की लवकर मरतो.

राहिली एक अडचण. पानं गेली की जमीन मोकळी दिसते, आणि मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. कुदळीने दोन फाका झालेला कंद वर आल्यावर आठवतं, अरे, इथे ट्यूलिप होते. पाट्या लावाव्यात, पण पाट्या उडून जातात, पुसल्या जातात. माझा उपाय मस्कारीचा. त्याला वसंतात निळी फुलं येतात, पण बारीक गवतासारखी पानं शरदातच उगवतात. ट्यूलिपच्या पुंजक्याभोवती मस्कारीचं कडं लावून ठेवलं आहे. नवे कंद लावायची वेळ येते तेव्हा ते हिरवं कडं जमिनीवर उमटलेलं असतं, आणि त्याच्या आत कुदळ घालायची नाही एवढं मला कळतं.